‘स्मृतिचित्रे’ आणि तारणाच्या खात्रीचा प्रश्न

प्रस्तावना

लक्ष्मीबाई टिळक (१८६८-१९३६) यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाले. त्यातील निर्मळ विनोद, घरगुती बोली आणि लहरी कवीच्या संसाराचे चित्रण यांची मराठी समीक्षेने मनापासून दखल घेतली आहे. धर्मांतराचा विचार मात्र बहुधा पतिपत्नींची ताटातूट एवढ्याच अंगाने होतो. आपण देवाला मान्य झालो आहोत हे श्रद्धावंताने कशावरून ओळखावे, हा ख्रिस्ती जीवनातील कळीचा प्रश्न या ग्रंथात कोणत्या रूपाने येतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

रमाबाईंची साक्ष

प्रॉटेस्टंट परंपरेत तारणाची खात्री माणसाच्या सत्कृत्यांवर नव्हे, तर ख्रिस्ताने केलेल्या कार्यावर आधारलेली असते. ती कधी व कशी लाभली हे सांगणारी ‘साक्ष’ हा तेथे रूढ झालेला कथनप्रकार आहे. पंडिता रमाबाईंनी १९०७ मध्ये इंग्रजीत लिहिलेली साक्ष हे त्याचे ठळक उदाहरण होय. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. परंतु तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, अशा आशयाची कबुली त्या देतात. सुमारे आठ वर्षांनंतर, विल्यम हॅस्लम यांच्या आत्मकथनाच्या वाचनाने ही उणीव त्यांना जाणवली. येथे संस्कार आणि खात्री यांत स्पष्ट अंतर आहे. पापाची जाणीव, शरणागती आणि शांती हा क्रमही नेमका आहे.

सोवळे आणि साशंकता

‘स्मृतिचित्रे’त हा क्रम आढळत नाही. तेथे प्रश्नाची मांडणी नाशिकजवळच्या जलालपूरच्या घरात होते. १८५७ च्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आजोबांना फाशी झाली आणि त्यानंतर त्यांच्या वडिलांना सोवळ्याचा विलक्षण ध्यास लागला. बाहेरून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात घेतली जात नसे. लक्ष्मीबाई हे सारे हसत सांगतात, त्यामुळे त्यातील भीती वाचकाच्या नजरेतून सहज निसटते. वस्तुतः हे शुद्धतेच्या खात्रीसाठी चाललेले धुणे आहे, आणि ती खात्री कधीच न मिळाल्यामुळे ते संपतही नाही.

ना. वा. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. दीर्घ विरहानंतर लक्ष्मीबाई त्यांच्याकडे राहावयास आल्या, तरी स्वयंपाकपाण्याचे सोवळे त्यांनी सोडले नाही. पुढे जातिभेद देवाने केला की माणसाने, या विचाराने त्यांचे मन पालटले. कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा निश्चय त्यांनी प्रथम केला. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये झाला. म्हणजे रमाबाईंच्या बाबतीत पाण्याचा संस्कार आधी आणि मनःशांती नंतर, तर लक्ष्मीबाईंच्या बाबतीत स्पर्शाची भीती आधी गळाली आणि संस्कार नंतर आला. बाप्तिस्मा हेही पाण्यानेच होणारे शुद्धीकरण आहे. परंतु ते एकदाच व्हावयाचे असते. जलालपूरचे पाणी रोज नव्याने शंका निर्माण करीत होते. या दोन पाण्यांतील विरोध हाच ‘स्मृतिचित्रे’तील खात्रीचा खरा आशय होय.

आक्षेप व मर्यादा

सोवळे सुटणे ही समाजसुधारणा झाली, ते तारण नव्हे, असा आक्षेप येथे संभवतो. सोवळे मोडणारे अनेक सुधारक हिंदूच राहिले, हेही खरे. तथापि ‘मी शुद्ध आहे काय?’ हा प्रश्न ज्या स्त्रीला लहानपणापासून चुलीपाशी आणि पाणवठ्यावर भेडसावत होता, तिला त्याचे उत्तरही तेथेच मिळणे स्वाभाविक होते. तारणशास्त्राची परिभाषा तिच्या लेखणीतून उतरत नाही, एवढ्यावरून अनुभवच नव्हता असे ठरत नाही. उलट, हा ग्रंथ घटनांनंतर तीन दशकांहून अधिक काळाने लिहिलेला आहे. त्यातील प्रसन्न, निर्भय स्वर हा उत्तरायुष्यातील स्थैर्याचा परिणामही असू शकतो. म्हणून त्या स्वराला सिद्धान्ताचा पुरावा मानणे योग्य होणार नाही.

समारोप

मराठी ख्रिस्ती आत्मकथनांचे मूल्यमापन केवळ पाश्चात्त्य साक्षीच्या साच्याने केल्यास ‘स्मृतिचित्रे’ धार्मिकदृष्ट्या उणे ठरते आणि केवळ सामाजिक दृष्टीने केल्यास त्यातील श्रद्धा अदृश्य होते. आपल्या वडिलांच्या भयाकडे लक्ष्मीबाईंना कडवटपणाशिवाय पाहता आले. त्यांना त्यांची थट्टा करता आली, पण तिरस्कार करावासा वाटला नाही. भयातून सुटलेल्या मनालाच हे साधते. तारणाच्या खात्रीची त्यांची साक्ष शोधावयाची तर ती या हसण्यातच शोधावी लागेल.