मुरलेले पाणी आणि ‘हानी’ : जलप्रतिमानांच्या परिभाषेचा विचार

शास्त्राची परिभाषा ही केवळ नावांची यादी नसते. कोणत्या गोष्टीस महत्त्व द्यावयाचे याचा निर्णय तीत अगोदरच झालेला असतो. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील खोऱ्यांचा अपधाव, म्हणजे पावसानंतर भूपृष्ठावरून वाहून जाणारे पाणी, संगणकाच्या साह्याने काढण्याच्या पद्धतीचे परीक्षण या दृष्टीने करणे अगत्याचे वाटते.

पद्धती थोडक्यात अशी. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकन अंतराळयानातून रडारने टिपलेल्या उंचीच्या नोंदी सुमारे ३० मीटरच्या चौकटींत घेतात. प्रत्येक चौकटीतील पाणी शेजारच्या आठांपैकी सर्वाधिक उताराच्या चौकटीकडे जाते असे मानून ओढ्यांचे जाळे व पाणलोटाची सीमा आखतात. मग अमेरिकन लष्कराच्या अभियंता दलाने सिद्ध केलेल्या एचईसी-एचएमएससारख्या प्रणालीत पावसाचे आकडे घालून प्रवाहाचा आलेख मिळवितात. कुकडीवर माणिकडोह व येडगाव, मीनेवर वडज, घोडवर डिंभे अशी धरणे असलेल्या या प्रदेशात पुराचा व पाणीसाठ्याचा अंदाज देणारे हे साधन उपयुक्त आहे, यात संशय नाही.

तथापि पडलेल्या पावसापैकी जे पाणी मातीत मुरते, खळग्यांत साठते किंवा पानांवर अडते, त्या सर्वांस या परिभाषेत ‘हानी’ म्हणतात. ती ठरविण्याची सोयीची रीत म्हणजे माती व भूवापर पाहून जमिनीला एक ‘वक्र-क्रमांक’ देणे. ही रीत अमेरिकेतील लहान पाणलोटांच्या निरीक्षणांवरून बसविलेली आहे. १०० मिलिमीटर पाऊस पडला असता क्रमांक ७० धरल्यास अपधाव सुमारे ३३ मिलिमीटर येतो, ८० धरल्यास ५० हून किंचित अधिक. म्हणजे कोष्टकातील एका निवडीने दर चौरस किलोमीटरमागे सुमारे १८ हजार घनमीटर पाणी हिशेबात इकडचे तिकडे होते. खाचर, वरकस, माळ आणि मळई यांत येथील शेतकरी जो भेद करतो, तो पाणी धरण्याच्या गुणाचाही भेद आहे. कोष्टकात त्याला जागा नाही. ९०० चौरस मीटरच्या चौकटीत भातखाचराचा बांधही दिसेनासा होतो. शिवाय प्रवाहाची दिशा ठरविण्यापूर्वी नकाशावरील खळगे भरून घेण्याचा प्रघात आहे. त्यात नोंदीतील दोषांबरोबर खरे खळगेही बुजतात.

मातीतील ओलाव्याचा सलग हिशेब ठेवण्याची सोय प्रणालीत आहे, हे येथे सांगितले पाहिजे. परंतु तिला मोजमापे पुष्कळ लागतात, म्हणून ती मागे पडते.

आता शब्दाकडे वळू. मराठीत लोणचे मुरते, माणूस धंद्यात मुरतो. मुरण्यात हानीचा भाव नाही, परिपाकाचा आहे. धरणाच्या काठावरून पाहणाऱ्यास मुरलेले पाणी हानी वाटेल. उन्हाळ्यात विहिरीत डोकावणाऱ्यास तीच प्राप्ती होय. आणि तिसरीही बाजू आहे. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगराचा कडा कोसळला व दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. त्या दुर्घटनेची कारणे अनेक सांगितली गेली. त्यांत अतिवृष्टीने उतारावरील माती पाण्याने तुडुंब भरणे हे प्रमुख होते. अपधावाच्या हिशेबातून जे पाणी वजा झाले म्हणावयाचे, तेच तेथे उतारात होते.

अपधावाचे प्रतिमान दरडींसाठी रचलेले नाही. त्यास त्याचा दोष देणे अन्यायाचे होईल. आक्षेप आहे तो वजा केलेल्या पाण्याविषयी पुढे विचारच न करण्यास. म्हणून आपल्या विद्यार्थ्यांनी प्रबंधात ‘हानी’ऐवजी ‘मुरवण’, ‘साठवण’, ‘अडवण’ असे पृथक् शब्द योजावेत, व प्रत्येकापुढे ते पाणी कोठे गेले हे लिहावे. कोठेतरी पाणी मुरते आहे, असे आपण संशयाने म्हणतो. जलशास्त्रात तो संशय नसून पहिला प्रश्न असावयास हवा.