चांदी गेली, फुलदाणी उरली

डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयातील ‘फाँटहिल फुलदाणी’ चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात चीनमध्ये, जिंगडेझेन येथे घडली. हंगेरीचा राजा थोरला लुई याने ती १३८१ मध्ये नेपल्सच्या चार्ल्सला दिली, असे परंपरेने मानतात. पुढे फ्रान्सचा युवराज, संग्राहक गेन्यिएर, इंग्लंडचा बेकफर्ड अशा तिच्या बदल्या होत गेल्या. (आम्हां बदलीच्या नोकरांस हा प्रवास ओळखीचा वाटावा!)

तिच्याविषयी लिहिणारे बहुधा या मालकांतच रमतात. मला ते न्याय्य वाटत नाही. मालकांनी तिला चांदीची मूठ व तोटी जोडून सुरई केली, वर राजचिन्हे चढविली. एकोणिसाव्या शतकात तो साज नाहीसा झाला, आणि तिची ओळखही. १८८२ च्या हॅमिल्टन पॅलेसच्या लिलावानंतर ती डब्लिनला आली. गेन्यिएरसाठी १७१३ मध्ये काढलेले साजासहित चित्र पॅरिसला होते, म्हणूनच आर्थर लेन यांना १९६१ च्या लेखात तिची पूर्वपीठिका मांडता आली.

इतिहासकारास चांदी गेल्याची हळहळ वाटेल. रसिकास वाटू नये. मण्यांच्या चौकटींतील ती उठावदार फुले आणि त्यांवरील निळसर झिलई आता निर्वेध दिसते. फुले बसविणाऱ्या कारागिराचे नाव मात्र मालकांच्या या लांबलचक यादीत कोठेच नाही.