दिवा कोणी लावायचा?

बॅटमॅन हा विषय स्मरणिकेत कशाला, असं काही वाचकांना वाटेल. पण मंडळी, आपल्यापैकी अनेकांच्या बेसमेंटमध्ये त्याच्या डीव्हीडींचा, कॉमिक्सचा नाहीतर हात तुटलेल्या खेळण्यांचा एखादा खोका असतोच. मुलं कॉलेजला जातात, खोका तिथेच राहतो. मोठी माणसं सहसा त्याला हात लावत नाहीत. माझी शिफारस आहे की लावावा, आणि त्यात ‘गॉथम सेंट्रल’ नावाचं कॉमिक निघालं तर ते आधी वाचावं. हे कॉमिक बॅटमॅनचं नाही, त्याच्या गावातल्या पोलिसांचं आहे.

बॅटमॅन पहिल्यांदा आला मे १९३९ च्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या २७व्या अंकात. त्याच गोष्टीत पोलीस कमिशनर गॉर्डनही आहे, म्हणजे दोघांचं वय सारखंच. १९४२ मध्ये आकाशात वटवाघळाची सावली पाडणारा तो प्रसिद्ध दिवा आला, आणि तेव्हापासून व्यवस्था ठरून गेली: प्रकरण हाताबाहेर गेलं की पोलिसांनी छपरावर जाऊन दिवा लावायचा. या व्यवस्थेत एवढ्या मोठ्या शहराच्या पोलीस खात्याची काय शोभा होते, हा प्रश्न फारसा कोणाला पडला नाही. १९६६ ते ६८ च्या टीव्ही मालिकेने तर त्याचा तमाशाच केला. त्यातले कमिशनरसाहेब गुन्ह्याची बातमी कानावर पडताच लाल फोनकडे धावतात. जवळ उभ्या असलेल्या चीफ ओ’हारांनाही त्यात काही गैर वाटत नाही. मला ती मालिका आवडते. निदान ती लपवाछपवी करत नाही.

क्रिस्टोफर नोलनच्या चित्रपटांनी हा प्रश्न गंभीरपणे घेतला असं म्हणतात. ‘द डार्क नाइट’ (२००८) मध्ये पोलिसांची हद्द संपते तिथे बॅटमॅन हाँगकाँगला जाऊन आरोपी उचलून आणतो, गावातले सगळे मोबाईल ऐकण्याचं यंत्र उभारतो, आणि शेवटी गॉर्डन स्वतःच्या हाताने तो दिवा फोडतो. चित्रपट उत्तम आहे, वाद नाही. पण त्यात अपराधाची टोचणी आहे ती दोघातिघांना. एक सज्जन पोलीस अधिकारी आणि एक सज्जन मुखवटेवाला यांच्यातला विश्वास आपल्याला इतका मोहवतो, की खालच्या शेकडो पोलिसांना चेहराच उरत नाही. २०२२ च्या ‘द बॅटमॅन’मध्ये गॉर्डन त्याला खुनाच्या जागी घेऊन जातो तेव्हा बाजूला उभे असलेले पोलीस ज्या नजरेने बघतात, त्या नजरेत एक अख्खी गोष्ट होती. कॅमेरा मात्र पुढे निघून जातो.

ती गोष्ट ‘गॉथम सेंट्रल’ने आधीच सांगून ठेवली होती. एड ब्रुबेकर आणि ग्रेग रुका यांचं लेखन, सुरुवातीची चित्रं मायकेल लार्कची. २००३ ते २००६ या काळात चाळीस अंक निघाले. लेखकांनी सगळ्यात शहाणपणाची गोष्ट ही केली की कथा सुरू होते तेव्हा गॉर्डन निवृत्त झालेला आहे. मैत्री गेली, नुसतं बटण उरलं. मग कळतं, की इतकी वर्षं ही व्यवस्था कुठल्याही नियमावर उभी नव्हती, दोन माणसांच्या ओळखीवर चालली होती.

आणि ते बटणही पोलिसांनी दाबायचं नाही! खात्याने अधिकृतरीत्या बॅटमॅनशी संबंध मान्य करायचा नसतो, म्हणून ऑफिसात काम करणारी स्टेसी नावाची टेम्पररी मुलगी छपरावर जाऊन दिवा लावते. ११वा अंक तिच्याच नजरेतून लिहिलेला आहे. अमेरिकन ऑफिसात काम केलेल्या कोणालाही यातली मेख समजेल. ज्याची जबाबदारी कोणालाच नको, ते काम टेम्पररी माणसाकडे.

यामागे कायद्याचाही धागा आहे. बेकायदा झडतीतून मिळालेला पुरावा राज्यांच्या कोर्टांतही चालणार नाही, हे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९६१ मध्ये मॅप विरुद्ध ओहायो खटल्यात ठरवलं. पण हे बंधन सरकारवर. खाजगी माणसाने परस्पर मिळवून दिलेला पुरावा चालतो, असा निकाल १९२१ पासून, बर्डो विरुद्ध मॅकडॉवेलपासून आहे. मात्र तो माणूस पोलिसांच्या सांगण्यावरून वागत असेल तर पळवाट बंद. म्हणजे दिवा पोलिसांनी लावला की बॅटमॅन त्यांचा हस्तक ठरणार. एक टेम्पररी मुलगी पुढे केली म्हणून कुठला न्यायाधीश फसेल, असं मला वाटत नाही. लेखकांनाही वाटत नसावं. खात्याला मात्र तेवढ्यावर झोप लागते.

पहिल्याच गोष्टीत मार्कस ड्रायव्हर या डिटेक्टिव्हचा जोडीदार मिस्टर फ्रीझच्या हातून मारला जातो. अंधार पडला की दिवा लागणार. त्याच्या आत, दिवसाउजेडी, आपल्या माणसाचा खुनी आपणच पकडायचा एवढीच त्याची इच्छा. ते जमत नाही. दिवा लागतो, बॅटमॅन येतो, काम होतं, आणि ड्रायव्हरच्या चेहऱ्यावर कृतज्ञतेचा लवलेश नसतो.

मी पेशाने कन्सल्टंट. बाहेरून जाऊन दुसऱ्यांच्या सिस्टिम्स दुरुस्त करणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा, त्यामुळे हा चेहरा मला चांगला ओळखीचा आहे. याच्यावाचून अडतं, आणि हा आला की आपली किंमत उतरते! पण मी निदान काय केलं ते लिहून ठेवून जातो. हे महाशय समोरचा बोलत असतानाच मागच्या मागे नाहीसे होतात.

इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ वाचून वाढलेल्यांना इथे एक गंमत आठवेल. ली फॉकचा हा मुखवटेवाला १९३६ चा, बॅटमॅनपेक्षा तीन वर्षांनी थोरला. जंगलातल्या गस्ती दलाचा तो अज्ञात प्रमुख. त्याचे हुकूम तिजोरीतून यायचे, आणि वर कोण बसलंय ते कोणालाच माहीत नसायचं. तिथे कुरकुर नव्हती, कारण मुखवटेवालाच साहेब होता. गॉथममध्ये तो कोणाचाच साहेब नाही आणि कोणाच्या हाताखालीही नाही. सगळी पंचाईत तिथेच होते.

मालिकेचा कणा आहे रेने माँटोया आणि क्रिस्पस ॲलन ही जोडी. एका गोळीबाराच्या चौकशीत ॲलन अडकतो. त्याला सोडवू शकणारा पुरावा कॉरिगन नावाच्या खात्यातल्याच तंत्रज्ञाने विकलेला असतो. माँटोया त्याला बेदम मारून माहिती काढते. बॅटमॅन रोज रात्री हेच करतो, आणि आपण टाळ्या वाजवतो. इथे ॲलन सुटतो, पण मारहाण पोलिसाने केलेली असल्यामुळे कॉरिगनविरुद्धची खात्याची केस कोलमडते. कॉरिगन मोकळा राहतो, आणि पुढे तोच ॲलनला गोळी घालून मारतो. माँटोया त्याच्या डोक्याला पिस्तूल लावते, पण चाप ओढू शकत नाही. ती बिल्ला परत करते. बॅटमॅनच्या पद्धतीची खरी किंमत इतक्या स्पष्टपणे मांडलेली मी कुठल्याच चित्रपटात पाहिली नाही.

दोष आहेत. लार्क गेल्यावर चित्रांची घडी थोडी विस्कटते, आणि ३७व्या अंकात डीसीच्या दुसऱ्याच महायुद्धाचे धागे मध्ये घुसतात, ज्यांचा नवख्या वाचकाला पत्ता लागत नाही. तो अंक सरळ ओलांडावा.

‘हाफ अ लाइफ’ (अंक ६ ते १०) मात्र अजिबात ओलांडू नये. २००४ मध्ये त्याला आयझनर पुरस्कार मिळाला. माँटोयाचं एका स्त्रीवर प्रेम आहे, हे टू-फेस जगजाहीर करतो. तिचे आईवडील डॉमिनिकन रिपब्लिकमधून आलेले, देवभोळे, कष्टाळू, मुलीच्या वर्दीचा अभिमान बाळगणारे. शेवटी बॅटमॅन येतो, तिचा जीव वाचतो, खोट्या खुनाच्या आरोपातूनही ती सुटते. मग ती घरी जाते, आणि वडील तिच्याकडे पाठ फिरवतात. तिथे लावायला कुठलाच दिवा नसतो.

चाळीसही अंक चार पुस्तकांत एकत्र निघालेले आहेत. लायब्ररीत मागितले तर मिळतात. दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या हाती देऊ नका, रक्तपात बराच आहे. सोळाव्या वर्षी जरूर द्या. फक्त ‘हाफ अ लाइफ’ त्यांच्या आधी तुम्ही वाचा.