पंधरा मिनिटांची घाई आणि तुटलेली शिरोरेषा

मराठीतली ऑनलाइन विक्रीपत्रं मी आवडीने वाचतो. केसांचं तेल असो, शेअर बाजाराचा कोर्स असो, पान एकच: वर लाल पट्टी, मध्ये उलटं चालणारं घड्याळ, आणि अंगठा दुखेपर्यंत सरकवल्यावर तळाशी किंमत. लिहिणारा बहुधा बरा असतो. त्याच्या मजकुराचा जीव मांडणी घेते.

अलीकडे अक्कलकुव्यात असंच एक पान उघडलं, आमचुराचं. माल इथलाच, म्हणून थांबलो. अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरात उन्हाळ्यात कैऱ्या सोलून, फोडी करून वाळवतात आणि मोलगीच्या बाजारात आणतात. फोड जितकी पांढरी, तितका भाव चांगला. म्हणजे गिऱ्हाइकाला आधी फोड दिसायला हवी. पानावर होतं हसणारं गोरंपान कुटुंब. कुठल्या देशातलं, देव जाणे.

त्याखालचं शीर्षक तर वाचवेना. अक्षरांमध्ये अंतर सोडायची फॅशन रोमन लिपीत खपते, कारण तिथली छापील अक्षरं सुटीच असतात. देवनागरीतला शब्द शिरोरेषेला टांगलेला असतो. अंतर वाढवलं की रेघ तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. ओळींमधली जागाही इंग्रजीच्या मापाची, त्यामुळे वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. आपल्याकडे कॅपिटल अक्षरं नाहीत, मग जोर द्यायला सगळंच ठळक, सगळंच लाल. सगळेच ओरडले तर ऐकायचं कोणाचं? तयार टेम्प्लेट विकत घेऊन त्यात मराठी ओतली की हे होणारच. इथल्या कित्येक घरांत भिली किंवा पावरी बोलतात, मराठी शाळेत भेटते. तुटका शब्द जुळवायचे कष्ट अशा वाचकाला दुप्पट पडतात.

घड्याळाचं सांगायचं राहिलं. ‘ऑफर फक्त १५ मिनिटं.’ पान बंद करून पुन्हा उघडलं, तर पुन्हा पंधरा. कोड पाहिला. शिल्लक मालाशी किंवा एखाद्या तारखेशी त्याचा काही संबंध नाही. पान उघडलं की मोजणी सुरू. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या मांडणीचे १३ प्रकार नियमांत नोंदवले, त्यात ही खोटी घाई आहे. किंमत तुकड्या-तुकड्याने उघड करणंही आहे.

मार्केटिंगवाले म्हणतात, घड्याळाने विक्री वाढते. वाढत असेलही, एकदा विकायच्या कोर्सची. आमचूर दरवर्षी लागतो, आणि गिऱ्हाईक परत येईल तेव्हा घड्याळ अजून पंधरावरच असेल.

पहिल्याच स्क्रीनवर उजेडात धरलेली एक फोड, वजन, टपालखर्चासकट किंमत, एवढं पुरलं असतं. डोंगरातल्या अशक्त नेटवर्कवर तेवढंच तर आधी उघडतं. मी पान तळापर्यंत दोनदा वाचलं. पाकीट किती ग्रॅमचं आहे, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.