फोटोखालचे नाव

वृत्तपत्रातल्या छायाचित्राचे आयुष्य एका दिवसाचे, असे आपण समजतो. दुसऱ्या दिवशी त्यावर भजी निथळतात, तिसऱ्या दिवशी ते फडताळात अंथरले जाते. परंतु पन्नास वर्षांनी कोणी एखाद्या मुलखाचा इतिहास धुंडाळू लागला, की हीच रद्दी पुरावा म्हणून पुढे येते. आणि मग त्या मुलखातली माणसे जगाला तशीच दिसतात, जशी ती एका दिवशी कॅमेऱ्यापुढे सापडली. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांची अशी छायाचित्रे मी अलीकडे सलग पाहिली. त्यांच्यावर कोणी टीकालेख लिहीत नाही. चित्रकाराच्या फटकाऱ्यावर पाने खर्ची पडतात, पण लाखो लोकांनी पाहिलेल्या या चित्रांना कोणी बरे-वाईट म्हणत नाही.

पहिला मोठा गठ्ठा कोयनेच्या भूकंपाचा. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, ४ वाजून २१ मिनिटांनी पाटण तालुका हादरला. सुमारे १८० माणसे गेली, कोयनानगर भुईसपाट झाले. कॅमेरे धावत आले, आणि त्यांनी आपले काम चोख केले, यात शंका नाही. पडलेल्या भिंती, जमिनीला टेकलेले पत्रे, डिसेंबरच्या थंडीत उघड्यावर मांडलेल्या चुली. ही चित्रे आजही पाहवत नाहीत. पण त्यांच्याच जोडीला दुसरी चित्रे आहेत : पाहणीस आलेल्या थोर मंडळींची. तिथे पाहुण्यांची नावे मानाच्या क्रमाने छापलेली, आणि त्यांच्यासमोर हात जोडून उभी असलेली बाई मात्र ‘एक भूकंपग्रस्त महिला’. घर गेले, माणूस गेले आणि छापताना नावही गेले.

मला कोणी म्हणेल, गुरुजी, छायाचित्राचा गुण रेषेत, प्रकाशात, क्षण पकडण्यात. नावाचा त्याच्याशी काय संबंध? संबंध आहे, असे माझे मत आहे. १९७२ च्या दुष्काळाचे एक चित्र मी सातवीच्या वर्गात दाखवले. खडी फोडणारी बाई, हातोडा वर उचललेला, मागे दगडांचे ढीग आणि त्यामागे रिकामे आभाळ. रचना म्हणून उत्तम चित्र. मुले बराच वेळ गप्प होती. मग एक मुलगी म्हणाली, “गुरुजी, हिनं बोटांना चिंध्या बांधल्यात.” ते माझ्या नजरेला पडले नव्हते. दुसऱ्या बाकावरून प्रश्न आला, “नाव काय हिचं?” खाली छापले होते : ‘दुष्काळी कामावरील मजूर स्त्री’.

आता गंमत पाहा. त्या बाईचे नाव त्या दिवशी त्या जागेवर लिहिलेले होते. हजेरीपटावर होते, त्यापुढे तिचा अंगठा होता, मुकादम ते रोज पुकारीत होता. मजुरी देणाऱ्या सरकारला नाव लागत होते. चित्र नेणाऱ्याला लागले नाही. आणि हे घडावे कुठे, तर ज्या भागातून रोजगार हमीची कल्पना निघाली तिथे. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात तिचा पहिला प्रयोग केला. दुष्काळात ती राज्यभर पसरली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. पागे यांचे नाव इतिहासात राहिले, ते योग्यच झाले. पण ती योजना कोणासाठी होती हे जिच्या हातांकडे पाहून कळते, ती बाई निनावी.

कथा-कादंबऱ्या लिहिणाऱ्याला हे अधिकच खटकते. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘माणदेशी माणसं’ १९४९ मध्ये आले. आटपाडीकडचे तेच फोंडे माळ, तीच टंचाई, तीच माणसे. पण तिथे प्रत्येकाला नाव आहे, खोड आहे, स्वतःची बोली आहे. वाचून झाल्यावर दुष्काळ मागे पडतो आणि धर्मा रामोशी लक्षात राहतो. लेखणीने जे १९४९ मध्ये करून दाखवले, ते पुढची वीस-पंचवीस वर्षे कॅमेऱ्याला का सुचू नये? कॅमेऱ्याला घाई असते हे खरे. परंतु नाव विचारायला किती वेळ लागतो?

ही केवळ आपलीच कथा नाही. अमेरिकेत अपालाचिया नावाचा डोंगरी, कोळशाच्या खाणींचा मुलूख आहे. १९६४ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन केंटकीतल्या एका गरीब घराच्या ओसरीवर जाऊन बसले, चित्रे जगभर गेली, आणि डोंगरातला माणूस म्हणजे फाटका माणूस हे समीकरण पक्के झाले. कॅमेऱ्यांची रीघ लागली. १९६७ च्या सप्टेंबरात, म्हणजे आपल्या भूकंपाच्या तीन महिने आधी, तिथल्या एका घरमालकाने आपल्या भाडेकरूंचे चित्रण करणाऱ्या ह्यू ओकॉनर या चित्रपटकाराला गोळी घालून ठार केले. खुनाचे समर्थन कोण करील? पण त्या गोळीमागचा संताप समजून घ्यावा लागतो. दोन वर्षांनी तिथल्याच व्हाइट्सबर्ग गावात तरुण पोरांच्या हाती कॅमेरे देणारी अपलशॉप ही संस्था उभी राहिली.

आमच्याकडे संताप नाही, सवय आहे. २०१९ सालच घ्या. वर्षाच्या आरंभी माण तालुक्यात म्हसवडला चारा छावणी, ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाखाली कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर. एकाच वर्षी तहान आणि महापूर! पुराची चित्रे आता आभाळातून, ड्रोनने काढलेली : तांबूस पाणी, त्यात छपरांचे चौकोन. दिसायला देखणी, नको तितकी देखणी. आभाळातून माणसाला चेहरा नसतो. आणि पाणी ओसरले की कॅमेराही ओसरतो. हरिपूरच्या हळदीच्या पेवात माणूस कसा उतरतो, विटा-खानापूरची माणसे सोने-चांदीच्या गलाईसाठी मुलूखभर कशी पांगली, याचे चित्र वर्तमानपत्रात क्वचितच. संकटाविना आम्ही छापलो जातो ते पुसेगावच्या यात्रेत, तेही नोटांनी मढलेल्या रथाच्या मागची गर्दी म्हणून.

छावणीची आणखी काही चित्रे मात्र ‘पारी’ने प्रसिद्ध केली. पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेले हे ग्रामीण भारताचे संग्रहालय; त्याचा मजकूर मराठीतही मिळतो. तिथे छावणीतल्या बाईला नाव आहे, गाव आहे, तिने किती जनावरे आणली आणि घरी कोण राहिले हे आहे. चित्र तेच, चारा, दावण, धूळ. पण नजर बदलली की चित्र बदलते. माझी एक तक्रार आहे : या मंडळींचा मजकूर कधी कधी इतका बोलतो, की चित्राला श्वास घ्यायला जागा उरत नाही.

तरी त्यांच्याच एका लेखासाठी मी ही तक्रार विसरायला तयार आहे. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ प्रतिसरकारच्या तूफान सेनेने पगार नेणारी रेल्वे अडवून इंग्रज सरकारचा पैसा काढून घेतला. या दोन जिल्ह्यांच्या आयुष्यातले हे सर्वांत तेजस्वी पर्व. आणि त्याची छायाचित्रे नाहीत. असणार कशी? भूमिगताचा चेहरा कागदावर आला की पोलीस दारात. म्हणजे आम्ही ताठ उभे होतो तेव्हा कॅमेरा नव्हता, आणि आम्ही कोसळलो तेव्हा कॅमेऱ्यांची गर्दी झाली. साईनाथांनी कुंडलला जाऊन त्या तुकडीच्या नायकाला गाठले. लेखात दोन चित्रे शेजारी-शेजारी आहेत : एक १९४२ मधले, दुसरे चौऱ्याहत्तर वर्षांनंतरचे. पहिल्यात पोरगेलेसा तरुण, दुसऱ्यात नव्वदी ओलांडलेला म्हातारा. दुसऱ्यात तो संकटग्रस्त नाही, लाभार्थी नाही, कोणा पाहुण्यासमोर हात जोडून उभा नाही. मजकुरात त्याचे नाव आहे, बापाचे नाव आहे, आणि गावाने प्रेमाने ठेवलेले नावही आहे : रामचंद्र श्रीपती लाड, कॅप्टन भाऊ.