गुप्त आंकडा आणि उघडी भाषा

व्यापारांत काय उघडें असावें आणि काय झांकलेलें, हा प्रश्न वाशीम जिल्ह्यास नवा नाहीं. कारंजा-लाड येथील कापसाचा बाजार हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशानें १८८६ सालीं नियमाखालीं आला. भारतांतील नियंत्रित बाजारांत तो पहिला गणला जातो. रुमालाखालीं बोटें चाचपून भाव ठरविण्याच्या जुन्या चालीवर उघड लिलाव हा अशा बाजारांचा उतारा होय. परंतु भाव उघड व्हावा म्हणून शेतकऱ्याचें सर्वच उघडें पडावें, असें नाहीं. ‘याहून खालीं विकणार नाहीं’ हा त्याच्या मनांतला आंकडा घेणाऱ्यास कळला, तर त्यावर एक पैही अधिक कोण देईल?

डेन्मार्कांतील बीट पिकविणाऱ्यांपुढें हाच पेंच होता. तेथें बीट घेणारी साखर-कंपनी एकच. तिच्याशीं केलेले पुरवठ्याचे करार शेतकऱ्यांनीं आपसांत विकावयाचे. पण बोली कंपनीस दिसली कीं आपली आर्थिक स्थिति तिला कळणार. जानेवारी २००८ मध्यें सुमारें बाराशें शेतकऱ्यांच्या बोलींतून भाव निघाला, आणि कोणाचीही बोली कोणास दिसली नाहीं. युक्ति साधारणपणें अशी: ४००० हा आंकडा ९३१० व उणे ५३१० असा दोघांकडे वांटून ठेवावा. एकट्या तुकड्यावरून कांहीं उमगत नाहीं. तरी तुकड्यांचीच बेरीज करीत गेल्यास शेवटची जुळणी बरोबर येते. डेन्मार्कांत असे वांटे कंपनी, शेतकरी-संघ व संशोधक या तिघांकडे होते.

हें गणित प्रत्येक वेळीं हातानें रचणें किचकट. म्हणून त्यासाठीं संगणकाच्या स्वतंत्र भाषा निघाल्या. २००४ ची ‘फेअरप्ले’ योजनेंतील भाषा, डेन्मार्कांतीलच आर्हूस येथें २००७ सालीं मांडलेली ‘एसएमसीएल’, आणि पुढें बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट संशोधनकेंद्रांतून आलेली ‘ईझीपीसी’ हीं त्यांतील ठळक नांवें. आर्हूसच्या भाषेचा गुण आम्हांस विशेष वाटतो. तिच्यांत गुप्त आणि उघड मूल्यांच्या जाती वेगळ्या असून, गुप्त मूल्य उघडें करावयाचें तर तसें स्पष्ट लिहावेंच लागतें. गुप्त गोष्टीवर ‘जर-तर’ अवलंबून असेल, तर दोन्ही वाटा चालून पाहिल्या जातात. कारण कोणती वाट धरली एवढ्यावरूनही गुपित फुटतें. ईझीपीसीनें लिहिणाऱ्याच्या माथ्यावरील गूढलेखनशास्त्राचा भार उतरविला, हेंही थोडें नव्हे.

तथापि या भाषांची मर्यादा आम्हीं सांगितलीच पाहिजे. दोघांनीं आपल्या उत्पन्नाची गुप्तपणें सरासरी काढली, तर उत्तराची दुप्पट करून त्यांतून स्वतःचें उत्पन्न वजा करतांच दुसऱ्याचें उघडें पडतें. गणना निर्दोष, व्याकरण शुद्ध, आणि गुपित मात्र गेलें! भाषा गणना कशी व्हावी हें राखते. कोणता प्रश्न विचारावा, हें राखीत नाहीं. तें राखणें माणसाचेंच काम, आणि त्यासाठीं माणसास तो लेख वाचतां आला पाहिजे.

म्हणून आमच्या मतें अशा भाषेची खरी कसोटी वेग नव्हे, वाचनीयता होय. ज्यांचे आंकडे आंत जातात त्यांच्या प्रतिनिधीस, बाहेर काय येणार, हें त्या लेखांतच दिसलें पाहिजे. उघड लिलावांत शेतकरी भाव आपल्या कानांनीं ऐकतो. गुप्त गणनेंत त्यास तेवढाही आधार उरला नाहीं, तर यंत्राच्या नांवाखालीं जुना रुमालच परत आला, असें म्हणावें लागेल.