‘परिपूर्ती’ : नाते, नाव आणि व्यक्ती

व्यक्ती आणि समाज यांचा संबंध हा समाजशास्त्राचा मूळ प्रश्न होय. व्यक्तींच्या बेरजेने समाज होतो, की समाजाच्या साच्यातून व्यक्ती घडते? फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी १८९५ साली असे मांडले, की भाषा, कायदा, रूढी या गोष्टी माणसाच्या जन्माआधीपासून असतात आणि त्याच्यावर बाहेरून दाब आणतात. जर्मनीच्या मॅक्स वेबर यांनी उलट टोकाकडून सुरुवात केली. कृती करणारा माणूस त्या कृतीला कोणता अर्थ देतो, हे त्यांना महत्त्वाचे वाटले. अमेरिकेतील चार्ल्स कूली यांनी १९०२ मध्ये आरशाची उपमा योजली. इतरांच्या नजरेत आपण जसे दिसतो असे आपल्याला वाटते, त्यातूनच ‘मी’ची कल्पना आकार घेते, असे त्यांचे म्हणणे.

मराठी वाचकाला हा सारा वाद एका छोट्याशा ललित लेखात भेटतो. तो लेख म्हणजे इरावती कर्वे यांचा ‘परिपूर्ती’. इरावतीबाई (१९०५–१९७०) या डॉ. गो. स. घुर्ये यांच्या विद्यार्थिनी. पुढे बर्लिनला डॉक्टरेट मिळवून त्यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संशोधन व अध्यापन केले. भारतातील आप्तसंबंधांवरील त्यांचा ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध झाला. अशा विदुषीची सभेत ओळख करून दिली जाते ती महर्षी कर्व्यांची सून आणि प्राचार्य कर्व्यांची पत्नी म्हणून. काहीतरी राहून गेल्याची रुखरुख त्यांना लागते. पुढे रस्त्यात काही शाळकरी मुले त्यांना आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई म्हणून ओळखतात, आणि मग ती ओळख पुरी होते.

हा लेख बहुधा मातृत्वाचा प्रसन्न गौरव म्हणून वाचला जातो. त्यातील मिस्कीलपणा ध्यानात घेणारेही आहेत. मात्र आणखी एक प्रश्न विचारायला हवा, असे मला वाटते : नात्यांनी पुरे होण्याचे हे सुख कोणाच्या वाट्याला येते?

महसूल खात्यात असताना वारसा नोंदीच्या एका चौकशीत पतीच्या पश्चात जमिनीला नाव लावण्यासाठी एक वृद्धा आली होती. नाव विचारताच तिने मुलाचे नाव घेऊन ‘त्याची आई’ असे सांगितले. ‘तुमचे स्वतःचे नाव?’ असे विचारल्यावर ती गप्प राहिली आणि सोबतच्या भावाकडे पाहू लागली. भावाने सांगितलेले नाव माहेरचे निघाले. शिधापत्रिकेवर सासरचे होते. नावातील तफावतीमुळे ती नोंद काही महिने लांबली. लांबवणारा शेरा माझ्याच हातचा होता. त्या बाईचीही ‘परिपूर्ती’ झालेली होती. पण तिच्या हाती काही लागले नव्हते. इरावतीबाईंना हसता आले, कारण ‘कर्व्याची आई’ या ओळखीखाली त्यांचे स्वतःचे नाव, पदवी आणि ग्रंथ शाबूत होते. लेखाची ही मर्यादा मान्य केली पाहिजे.

परंतु लेखातच तिचे उत्तरही दडलेले आहे. ‘महर्षी कर्व्यांची सून’ या ओळखीला प्रतिष्ठा आली कोठून? धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली गोदूबाई या विधवेशी विवाह केला, तेव्हा मुरूडच्या ग्रामस्थांनी त्यांना वाळीत टाकले. १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापिले. १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळाले. गोदूबाई या पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील विद्यार्थिनी. विवाहानंतर त्या आनंदीबाई झाल्या आणि ‘माझे पुराण’ हे आत्मचरित्र लिहून त्यांनी आपली हकीगत स्वतःच सांगितली. ज्या आडनावाने एके काळी बहिष्कार ओढवून घेतला, तेच पुढे सभेत अभिमानाने उच्चारले गेले. समाज माणसाला नाव देतो, हे दुर्खीम यांच्या बाजूने खरे. परंतु त्या नावाचा अर्थ माणसे बदलू शकतात, हे वेबर यांच्या बाजूनेही तितकेच खरे.

इरावतीबाईंना हे ठाऊक होते, याची साक्ष पंढरीच्या वारीवरील ‘वाटचाल’ या लेखात मिळते. ज्या प्रदेशातले लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र, या त्यांच्या विचाराने आम्हा सीमाभागातील वाचकांना नेहमीच जवळीक वाटत आली. मात्र त्याच लेखात एका दिंडीत चालणाऱ्या ब्राह्मण व मराठा बायकांच्या वेगवेगळ्या पंगतींची खंतही त्या नोंदवतात. नामघोष एक आणि चुली दोन, हे वास्तव त्यांनी झाकले नाही. समूहात विरघळून जाण्याचा आनंद आणि त्याच समूहातील भिंतींची टोचणी त्यांनी एकाच लेखात मांडली. ‘परिपूर्ती’च्या शेजारी ‘वाटचाल’ ठेवून वाचावी, ती यासाठी.

निवृत्तीनंतर जांबोटीस परतलो तेव्हा ‘साहेब’ हे संबोधन काही दिवसांतच गळून पडले. जुनी मंडळी मला वडिलांच्या नावाने ओळखतात, लहान मुले नातवाचा आजोबा म्हणून. त्यात मला सुख वाटते, हे नाकारीत नाही. पण ‘परिपूर्ती’ पुन्हा वाचताना त्या वृद्धेची आठवण होते. तिचे नाव मी भावाकडून ऐकले आणि कागदावर लिहिले. तिच्या तोंडून मात्र ते कधी ऐकले नाही.